विजयदुर्गात मेलेला कर्नल कोण होता?

मागच्या अंकात मराठा आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांनी १७८३ साली 'रेंजर' हे इंग्रजी जहाज पकडलं, त्या लढाईबद्दल लिहिलं होतं. त्यात एका वाक्यात कर्नल हंबरस्टनचं नाव आलं होतं. पत्रं मात्र जास्त त्याच्याचबद्दल आली. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच्या घराण्याला दिलं आहे.

प्रश्न : 'रेंजर'वर जखमी झालेला कर्नल हंबरस्टन विजयदुर्गात मेला, एवढंच तुम्ही लिहिलंत. तो स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या घराण्याचा प्रमुख होता असं कुठेतरी वाचल्याचं आठवतं. हे खरं आहे का?
— एक वाचक, देवगड

अगदी खरं आहे. आपल्याकडे धुळपांच्या पराक्रमाबद्दल लिहिताना समोरच्या जहाजावर कोण होतं हे सहसा सांगितलं जात नाही, त्यामुळे त्या विजयाचं वजनही नीट कळत नाही.

टॉमस फ्रेडरिक मॅकेन्झी हंबरस्टन हा सीफोर्थच्या मॅकेन्झी क्लॅनचा, म्हणजे एका आडनावाच्या भाऊबंदांच्या समूहाचा, प्रमुख होता. हे घराणं उत्तर स्कॉटलंडमधल्या रॉसशायरचं. पश्चिम किनाऱ्यावर किंटेलचा डोंगराळ मुलूख, तिथे खाडीतल्या खडकाळ बेटावर उभा असलेला आयलेन डोनन किल्ला, पूर्वेकडे डिंगवॉलजवळ ब्राहनचा वाडा आणि समुद्रापलीकडे लुईस बेट, एवढा त्यांचा पसारा. १६२३ मध्ये त्यांना 'अर्ल ऑफ सीफोर्थ' हा किताब मिळाला. हंबरस्टन हे आडनाव टॉमसला आईच्या माहेरच्या वारशातून आलं होतं. कर्जात बुडालेल्या नात्यातल्या अर्लकडून त्याने १७७९ मध्ये सगळी जहागीर एक लाख पौंडांना विकत घेतली आणि दोन वर्षांत फौज घेऊन हिंदुस्थानची वाट धरली.

१७८२ मध्ये तो मलबारात टिपूच्या फौजेशी लढत होता. त्या वर्षाच्या अखेरीस हैदर अली वारला, टिपू मलबारातून निघून गेला आणि इंग्रजांवरचं तिथलं दडपण उतरलं. पुढे जनरल मॅथ्यूजच्या फौजेत असताना हंबरस्टन, कर्नल मॅक्लाउड आणि मेजर शॉ या तिघांचं मॅथ्यूजशी बिनसलं. तक्रार घेऊन ते मुंबईला आले. मुंबई सरकारने त्यांचं ऐकलं, मॅथ्यूजला काढून मॅक्लाउडला सेनापती केलं आणि तिघांना 'रेंजर'वरून परत मलबारला धाडलं. म्हणजे ८ एप्रिल १७८३ रोजी धुळपांच्या आरमाराने जे जहाज गाठलं, त्यावर मलबारच्या इंग्रज फौजेचा नवा सेनापती आणि त्याचे मुख्य अधिकारी होते. मॅक्लाउडही साधा माणूस नव्हे. स्काय बेटावरच्या मॅक्लाउड क्लॅनचा तो प्रमुख. एका छोट्या जहाजावर दोन क्लॅनप्रमुख! शॉ जागीच ठार झाला. मॅक्लाउड जखमी होऊनही वाचला. हंबरस्टनला विजयदुर्गात आणलं, ३० एप्रिलला तो तिथे वारला. तिशीच्या आसपासचं वय, लग्न झालेलं नव्हतं.

सालबाईचा तह १७८२ च्या मे महिन्यातच झाला होता, त्यामुळे इंग्रजांनी या प्रसंगावर बराच गहजब केला. तहाची खबर आपल्या आरमारापर्यंत पोहोचली नव्हती, असं मराठ्यांचं म्हणणं होतं. पुढे जहाज परत देण्यात आलं. माझ्या मते धुळपांना दोष देण्यात अर्थ नाही. किनाऱ्यावरून शस्त्रं आणि लष्करी अधिकारी घेऊन जाणारं परकं जहाज अडवणं हे आरमाराच्या सुभेदाराचं रोजचं काम होतं.

प्रश्न : एवढ्या जमीनदाराला सात समुद्र ओलांडून लढायला येण्याची गरज का पडली? आणि तिथले सरदार स्वतः पलटण उभी करत, ते आपल्या सरंजामदारांनी पागा बाळगण्यासारखंच होतं का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

गरज होती, कारण घराण्याचा मान एकदा गेला होता आणि तो रक्त सांडून परत मिळवायचा होता. गेलेला मान एकाचा आणि सांडलेलं रक्त दुसऱ्यांचं, हा या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत बोचणारा भाग आहे.

पाचवा अर्ल विल्यम हा पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याचा पक्षपाती. १७१५ च्या बंडात तो शेरिफम्यूरच्या लढाईत उतरला, पण बंड फसलं. किताब आणि जहागीर दोन्ही जप्त झालं. १७१९ मध्ये तो स्पॅनिश सैनिकांची तुकडी घेऊन पुन्हा किंटेलला उतरला. इंग्लंडच्या युद्धनौकांनी आयलेन डोननवर तोफा डागल्या आणि किल्ला दारूने उडवून दिला. पुढच्याच महिन्यात ग्लेनशीलच्या खिंडीत त्याचा पराभव झाला. तिथल्या एका शिखराला आजही स्पॅनिश लोकांचं नाव आहे. अर्ल परदेशी पळाला. जहागीर सरकारजमा झालेली, तरी डोनल्ड मर्चिसन नावाचा त्याचा कारभारी किंटेलच्या कुळांकडून खंड गोळा करून परागंदा मालकाला पोहोचवत राहिला. सरकारी वसुलीची माणसं आली की कुळंच त्यांना हुसकावून लावत. मालकाला मात्र १७२६ मध्ये माफी मिळाली.

मुलाने धडा घेतला आणि १७४५ च्या बंडात सरकारची बाजू धरली. नातू केनेथला (पुढे टॉमसने जहागीर विकत घेतली ती याच्याचकडून) १७७१ मध्ये आयर्लंडच्या सरदारांच्या यादीतून का होईना, अर्ल ऑफ सीफोर्थ हा किताब पुन्हा मिळाला. त्या उपकाराची फेड म्हणून १७७८ मध्ये त्याने पलटण देऊ केली. तिला ७८ वा नंबर मिळाला, पुढे तो बदलून ७२ वा झाला.

आता तुमच्या तुलनेबद्दल. सरंजामात मुलूख आधी तोडून दिलेला असे आणि चाकरी त्याच्या बदल्यात. इथे सरकार क्लॅनप्रमुखाला भरतीचा परवाना देई, पगार राजाच्या खजिन्यातून येई आणि अधिकाऱ्यांच्या जागा प्रमुखाच्या भाऊबंदांना मिळत. शिपाई यायचे ते त्याच्याच कुळांच्या घरांतून. जमिनीचा पट्टा पुढे चालू राहावा म्हणून बाप मुलाला पाठवी. प्रमुखावर माया होती, हेही खोटं नाही. पण मायेला जमिनीची वेसण होती.

किंटेलचे मॅक्रे हे मॅकेन्झींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे लढवय्ये. त्यांना 'मॅकेन्झींचं चिलखत' म्हणत. या पलटणीत त्यांचा भरणा मोठा होता. सप्टेंबर १७७८ मध्ये एडिंबरोजवळच्या लीथ बंदरावर जहाजात चढायची वेळ आली, तेव्हा पलटणीत बातमी पसरली की आपल्याला ईस्ट इंडिया कंपनीला विकलं आहे. भरतीची रक्कमही पुरती हाती पडली नव्हती. शेकडो शिपाई, पुढे पायपर (बॅगपाईप वाजवणारे), भाल्याच्या काठीला निशाणासारखं बांधलेलं वस्त्र, असे शहरालगतच्या आर्थर्स सीट टेकडीवर जाऊन बसले. शहरातल्या लोकांनी त्यांना खाणंपिणं पोहोचवलं. बरेच दिवस बोलणी चालली. शेवटी सर्वांना माफी, थकबाकी चुकती आणि ईस्ट इंडीजला पाठवणार नाही, अशी कबुली मिळाल्यावर अर्ल स्वतः पुढे झाला आणि त्याच्यामागोमाग ते शिस्तीत खाली उतरले.

त्यांना इंग्लिश चॅनेलमधल्या जर्सी आणि गर्न्सी बेटांवर नेलं. जर्सीवर फ्रेंचांचा हल्ला झाला तेव्हा ते लढलेही. आणि १७८१ च्या जूनमध्ये पोर्ट्‌समथहून त्यांना हिंदुस्थानच्या जहाजांवर चढवलं. दिलेल्या शब्दाचं काय झालं, ते यावरून दिसतं. केनेथ अर्ल त्यांच्याबरोबर होता, पण सेंट हेलेनाला पोहोचण्याआधीच वारला, आणि ज्याच्या भरवशावर माणसं निघाली होती तोच गेल्यावर त्यांचं मन खचलं असं जुन्या नोंदी सांगतात. ताजं अन्न नाही, स्कर्व्हीने हिरड्या सडल्या. जवळपास दहा महिन्यांनी, एप्रिल १७८२ मध्ये मद्रासला पोहोचेपर्यंत अकराशेपैकी दोनशेहून अधिक वाटेतच मेले होते, आणि उरलेल्यांपैकी हत्यार पेलू शकतील असे चारशेही नव्हते. एकाही शत्रूचं तोंड न पाहता ही गत.

घराण्यांच्या इतिहासांत या प्रवासाला दोन ओळी मिळतात आणि अर्लच्या मृत्यूला परिच्छेद. हे प्रमाण मला मान्य नाही, म्हणून इथे एवढं सविस्तर लिहिलं.

प्रश्न : आमच्याकडे असईच्या लढाईत 'डोंगरी गोऱ्यां'ची पलटण होती असं जुनी माणसं सांगत. ती याच घराण्याची का?
— एक शिक्षक, जालना

होय. मात्र ही दुसरी पलटण. विजयदुर्गात वारलेल्या टॉमसची जहागीर त्याचा धाकटा भाऊ फ्रान्सिस याच्याकडे गेली. लहानपणी शाळेत आलेल्या तापात त्याचे कान गेले होते. तरीही तो पार्लमेंटात निवडून गेला, वनस्पतिशास्त्रात त्याने नाव काढलं आणि फ्रान्सशी युद्ध पेटताच १७९३ मध्ये रॉसशायर आणि लुईस बेटावरून नवी पलटण उभारली. तिलाही ७८ वाच नंबर मिळाला. लुईसचे शिपाई गेलिक बोलणारे, कोळ्या-शेतकऱ्यांच्या घरचे. त्यांच्या वागणुकीची तारीफ त्या काळच्या लष्करी लेखकांनी मनापासून केली आहे.

असईच्या आधी नगरला थांबलं पाहिजे. ८ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने नगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावल्या. आघाडीला ७८ वी. तट उंच, आणि वर उभं राहायला रुंदीच नाही. चढलेला माणूस वरच अडकायचा आणि बुरुजांतून गोळ्या खायचा. कॅप्टन डंकन ग्रँट तिथे पडला. दुसरा जो कॅप्टन पडला तो हंबरस्टन मॅकेन्झी, विजयदुर्गात वारलेल्या टॉमसचा लग्नाबाहेरचा मुलगा. बाप कोकणच्या किनाऱ्यावर गेला आणि वीस वर्षांनी मुलगा नगरच्या तटावर. रॉसशायरमधल्या एका घराच्या दोन पिढ्या महाराष्ट्राच्या मातीत आहेत, आणि नगरला राहणाऱ्यांनाही हे बहुधा ठाऊक नसतं. पेठ पडल्यावर वेलस्लीच्या छावणीत असलेल्या गोखल्यांनी पुण्याला लिहिल्याचं सांगतात की हे इंग्रज अजब, सकाळी आले, भिंत पाहिली, तिच्यावरून चालत गेले, आतली माणसं मारली आणि न्याहारीला परत फिरले. त्या भिंतीखाली पडलेल्यांचा त्यात उल्लेख नाही.

असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुबेळक्यात शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन या त्यांच्या युरोपियन अधिकाऱ्याच्या हाताखाली उभ्या होत्या. ७८ वी इंग्रज रांगेच्या डाव्या टोकाला, केळणेच्या बाजूला. ती थेट तोफांवर चालून गेली. शिंद्यांचे गोलंदाज शेवटच्या क्षणापर्यंत तोफेजवळून हलले नाहीत, संगिनी छातीला लागेपर्यंत डागत राहिले. शत्रूनेच हे लिहून ठेवलं आहे. रांग पुढे निघून गेल्यावर, मेल्यासारखे पडून राहिलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा उलट्या वळवून इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. तेव्हा वेलस्लीला ७८ वी पलटण आणि देशी घोडदळ घेऊन मागे फिरावं लागलं, त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्यायला. इंग्रजांची एकूण हानी १५८४, त्यात ठार ४२८. सर्वांत भयंकर चेंदामेंदा उजव्या टोकाच्या ७४ व्या पलटणीचा झाला, तीही हायलँडर्सचीच, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या शिपायांची. असईच्या मानाचं चिन्ह म्हणून या पलटणींना निशाणावर हत्ती मिळाला.

गोलंदाजांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, आणि मॅक्रे-मॅकेन्झी शिपायांचीही बहुतेक नाहीत. ही दोन्ही बाजूंची शेतकऱ्यांचीच पोरं.

जालन्याच्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. या पलटणीच्या इतिहासात ती मोठ्या प्रेमाने सांगतात. असईला वाजंत्र्यांना हुकूम होता की जखमींना उचलून वैद्यांकडे न्या. एका पायपरला वाटलं, हुकूम आपल्यालाही आहे. त्याने पाईप खाली ठेवला आणि जखमींना उचलायला लागला. लढाईनंतर सोबत्यांनी त्याला टाकून बोललं. बासरीवाले मागे गेले तर चालेल, पण पायपर मागे? त्याची जागा लढाईच्या ऐन गर्दीत! तो मनातून पार मोडला. पुढे २९ नोव्हेंबरला अकोल्याकडच्या अडगावच्या लढाईत पलटण पुढे सरकू लागली, तेव्हा त्याने असा काही जोर लावून वाजवलं की शिपाई रांग मोडून वेळेआधीच धावून जातील असं झालं. कर्नल ॲडम्सला त्याला गप्प करावं लागलं. डाग धुतला गेला.

मला विचाराल तर असईला तो पायपर करत होता तेच काम जास्त मोलाचं होतं.

प्रश्न : सीफोर्थ घराण्याला शाप होता, 'बहिरा प्रमुख येईल आणि त्याचे चारही मुलगे त्याच्याआधी मरतील' असं भाकीत होतं, अशी चित्रफीत पाहिली. यात तथ्य किती?
— एक वाचक, ठाणे

घटना खऱ्या आहेत. बहिरा प्रमुख म्हणजे वर सांगितलेला फ्रान्सिस. त्याचे चारही मुलगे त्याच्या डोळ्यांदेखत गेले, शेवटचा विल्यम १८१४ मध्ये. पुढच्या जानेवारीत तो स्वतः वारला. भाकितात पुढे असंही सांगतात की पांढऱ्या शिरोवस्त्रातली मुलगी पूर्वेकडून येऊन वारस होईल आणि तिच्या हातून तिची बहीण मरेल. थोरली मुलगी मेरी हिचा नवरा ॲडमिरल सॅम्युएल हूड मद्रासला डिसेंबर १८१४ मध्ये वारला. ती विधवेच्या वेशात परतली आणि जहागीर तिच्याकडे आली. १८२३ मध्ये ती हाकत असलेली घोडागाडी ब्राहनजवळ उलटली आणि बहीण कॅरोलाइन दगावली. तिथे स्मारकाचा दगड आहे.

भाकीत सांगणारा कोनाख ओअर हा द्रष्टा आणि त्याला डांबराच्या पिंपात जाळल्याची कथा यांचं मात्र तसं नाही. त्या नावाच्या माणसाला चेटुकाच्या आरोपाखाली पकडण्याचा हुकूम सोळाव्या शतकातला, आणि कथेतला द्रष्टा सतराव्या शतकातल्या अर्लच्या बायकोने जाळलेला. दोघांत शंभरेक वर्षांचं अंतर. भाकितांचं प्रसिद्ध पुस्तक छापलं गेलं १८७७ मध्ये, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. काही मुलगे जिवंत असतानाच ही भाकणूक लोकांत बोलली जात होती, असं कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या वर्तुळातल्या मंडळींनी सांगितलं आहे, एवढं तिच्या बाजूने नोंदवतो.

घराणं शापाने बुडालं, असं म्हटलं की कर्जाची गोष्ट मागे पडते. फ्रान्सिसचा खर्च अफाट होता. हरणाच्या तावडीतून राजाला वाचवणाऱ्या कथित मूळपुरुषाचं एक प्रचंड चित्र त्याने बेंजामिन वेस्टकडून काढून घेतलं, ते आज एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. घराण्याच्या चिन्हातली हरणाची शिंगं आणि 'राजाला साहाय्य करा' हे ब्रीद त्याच कथेतून आलेलं. १८०१ ते १८०६ तो बार्बाडोसचा गव्हर्नर होता. गुलामाचा खून हा देहदंडाचा गुन्हा ठरावा म्हणून तो तिथल्या मळेवाल्यांशी भांडला, आणि त्याच काळात दक्षिण अमेरिकेतल्या बर्बीसमध्ये त्याचेच गुलामांवर चालणारे मळे होते. या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात. देणी फेडायला त्याने किंटेल आणि आसपासची जमीन तुकड्या-तुकड्याने विकली. तुम्ही आमच्यात येऊन राहा, कर्ज आम्ही फेडतो, असं किंटेलच्या कुळांनी त्याला कळवल्याचं सांगतात. जमीन विकली गेलीच. ज्यांच्या बापभावांनी पलटणी भरल्या होत्या, ती घरं नव्या मालकांच्या हाती गेली आणि मेंढ्यांच्या कुरणांसाठी पुढे हायलँड्समधली अशी खोरीच्या खोरी मोकळी करण्यात आली.

प्रश्न : या पलटणींचं आणि घराण्याचं पुढे काय झालं? आज कोणी आहे का?
— एक निवृत्त सुभेदार, सातारा

सुभेदारसाहेब, थोडक्यात सांगतो. ७८ वी नंतर पुन्हा हिंदुस्थानात आली. १८४४–४५ मध्ये सिंधमध्ये तिचे शेकडो शिपाई आणि त्यांची बायकामुलं तापाने गेली. त्यांचं स्मारक एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये आहे. १८५७ च्या आरंभी ती पुण्याहून इराणच्या मोहिमेवर गेली आणि परतताच इंग्रज सेनापती हॅवलॉकबरोबर कानपूर-लखनौला. त्या लढायांत पलटणीला आठ व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. ७२ वी, म्हणजे केनेथची जुनी पलटण, १८८० मध्ये काबूल ते कंदाहार कूचमध्ये होती. १८८१ मध्ये दोन्ही मिळून 'सीफोर्थ हायलँडर्स' झाल्या. जून १९४० मध्ये फ्रान्समधल्या सेंट व्हॅलरी इथे तिच्या दोन बटालियन ५१ व्या हायलँड डिव्हिजनबरोबर जर्मनांच्या हाती सापडल्या. १९६१ मध्ये ती कॅमेरन हायलँडर्समध्ये मिसळली, १९९४ मध्ये गॉर्डन हायलँडर्स येऊन मिळाले, आणि २००६ पासून हा वारसा रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडच्या चौथ्या बटालियनकडे आहे.

सीफोर्थची थेट शाखा १९२३ मध्ये संपली आणि ब्राहनचा वाडा १९५० च्या दशकात पाडला. क्लॅनचं प्रमुखपद आता क्रोमार्टीच्या अर्लकडे आहे, ते स्ट्रॅथपेफरजवळच्या कॅसल लिऑड इथले. ही मॅकेन्झींचीच दुसरी शाखा. १७४५ च्या बंडात त्यांच्या पूर्वजाला मृत्युदंड झाला होता, तो नंतर माफ केला गेला. त्याच्या मुलाने, लॉर्ड मॅक्लाउडने ('रेंजर'वरचा मॅक्लाउड वेगळा), १७७७ मध्ये पलटण उभारून सरकारची मर्जी मिळवली. तीही थेट हैदर अलीच्या तोंडी आली. तिच्या काही तुकड्या १७८० मध्ये पोलिलूरला कापल्या गेल्या, आणि लॉर्ड मॅक्लाउडला १७८४ मध्ये जहागीर परत मिळाली.

एडिंबरोला कोणी नातेवाईक असतील तर त्यांना किल्ल्यासमोरच्या पटांगणात ७८ व्या पलटणीचा क्रूस पाहायला सांगा. १८५७–५८ मध्ये पडलेल्यांसाठी तो उभारला आहे, पण त्याच्यावर कोरलेला हत्ती आपल्या असईचा आहे.

*(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना गावाचं नाव जरूर लिहा.)*